थेटे सरांचं शुद्धिपत्रक

इंदिरानगरात ज्या काळी स्कूटर चालवणारेसुद्धा हेल्मेट घालत नसत, त्या काळी थेटे सर हेल्मेट घालून भाजी आणायला जात. तेही पायी.

लाल रंगाचं, कानापर्यंत येणारं, हनुवटीखाली पट्टा घट्ट आवळलेलं हेल्मेट. मेथीची जुडी निवडायला ते वाकले की ते पुढे घसरे आणि भाजीवाली विचारी, "बाबा, गाडी कुठं लावली?" सरांकडे गाडी नव्हती, सायकल होती. सायकलवर तर ते हेल्मेट घालतच, पण नारळाच्या झाडाखालून जाताना, बांधकामासमोरून जाताना आणि क्रिकेट खेळणाऱ्या पोरांच्या बाजूनं जातानाही घालत. त्या वर्षांत इंदिरानगरात या तीन गोष्टी टाळून कुठेही जाता येत नसे. त्यामुळे ते बहुतेक डोक्यावरच असे.

या हेल्मेटामागचं कारण मला ठाऊक होतं, कारण अकरावी-बारावीची दोन वर्षं मी त्यांच्या वर्गात बसले होते. शिकले असं माझं म्हणणं नाही, आणि सरांचं तर अजिबातच नव्हतं. ते जीवशास्त्र शिकवत, आणि अख्ख्या जीवशास्त्रात त्यांचा जीव एका मुद्द्यावर होता. कातडी नवी येते, हाड सांधतं, रक्त बदलतं, पण मेंदूचं तसं नाही. "जन्माला येताना आणलं तेवढंच," सर खडू खाली ठेवून सांगत, "पुढे फक्त गळती."

मुलं त्यांना गळती सर म्हणत. त्यांना ते माहीत होतं, आणि त्याचं कारणही त्यांनी गळतीच ठरवलं होतं. सर मूळचे दिंडोरीकडचे, भावाचे द्राक्षाचे मळे. दरवर्षी एकदा तरी ते वर्गात सांगत, की छाटणी केली की द्राक्षाला फुटवा येतो, पण मेंदू म्हणजे द्राक्षाची वेल नव्हे. मला उभं करून म्हणत, "आहेर, काल मॅटिनीला गेली होतीस म्हणे. आणखी काही पेशी गळाल्या." लग्न होऊन मी निकम झाले त्याला आता कितीतरी वर्षं झाली, पण सरांच्या लेखी मी आहेरच. बारावीला मी जीवशास्त्रात नापास झाले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर कसलंही आश्चर्य दिसलं नाही. ते मी अजून विसरलेले नाही.

पुढे मी इंदिरानगरात झेरॉक्स आणि एसटीडीचं दुकान टाकलं, आणि निवृत्त होऊन सर राहायला आले ते नेमके समोरच्या इमारतीत. एकटेच. सरांनी लग्न केलं नाही, की त्यांच्याशी कोणी केलं नाही, याबद्दल कॉलनीत दोन मतं होती. जे त्यांच्याशी दहा मिनिटं बोलले होते, त्यांचं मत एकच होतं.

कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये एकदा कारागिरानं सवयीनं त्यांच्या डोक्यावर मालिशचे दोन हात मारले, तर सर अर्धी दाढी तशीच ठेवून उठले. कोणा आईनं पोराला टपली मारलेली दिसली, की रस्ता ओलांडून तिला समजावायला जात. कॉलनीची सहल त्र्यंबकेश्वरला गेली, तेव्हा दर्शनाच्या रांगेत त्यांना हेल्मेट काढायला सांगितलं. सर दर्शन न घेता बाहेर सगळ्यांच्या चपला राखत बसले आणि परत येणाऱ्या प्रत्येकाला, कपाळ किती जोरात टेकवलं, ते विचारत राहिले.

माझ्या दुकानात तर त्यांचा रोजचा त्रास होता. लोक कागद झेरॉक्सला देत, आणि सर काउंटरला टेकून ते वाचत. परवानगी नाही, काही नाही. खिशात पेन्सिल असेच. कोणाच्या लग्नपत्रिकेत 'आर्शिवाद' दिसला की रेफ जागेवर गेलाच. एकदा एका माणसाच्या नोकरीच्या अर्जातल्या सगळ्या वेलांट्या त्यांनी सुधारल्या आणि वर त्याला सांगितलं की ही नोकरी तुम्हाला मिळू नये. चुकीचं वाक्य समोर ठेवून पुढे जाणं त्यांना जमतच नसे. गिऱ्हाईक गेलं तरी चालेल, वाक्य सुटता कामा नये. गिऱ्हाईक माझं होतं, त्यामुळे त्यांना ते परवडत असे.

म्हणून एका रविवारी वर्तमानपत्राच्या विज्ञानाच्या पानावर ती छोटी बातमी दिसली, तेव्हा मला जो आनंद झाला तो चांगल्या माणसाला शोभणारा नव्हता. मोठ्या माणसांच्या मेंदूतसुद्धा नव्या पेशी तयार होतात, असं शास्त्रज्ञांना दिसलं होतं. मी ती कापली आणि काउंटरच्या काचेवर, सरांच्या डोळ्यांच्या बरोबर उंचीवर, सेलोटेपनं चिकटवली. सोमवारी सकाळी नवराही मुद्दाम दुकानात थांबला.

सर आले. त्यांनी बातमी उभ्या उभ्या वाचली. मग चष्मा पुसून परत वाचली. त्यातला ऱ्हस्व-दीर्घसुद्धा दुरुस्त केला नाही. "वर्तमानपत्रवाले काहीही छापतात," म्हणाले आणि दूध आणायला निघाले होते ते न आणताच घरी गेले.

त्यानंतर दीड-दोन वर्षं सर हळूहळू हरत गेले, आणि ते हरणं माझ्याच दुकानात घडलं, कारण सगळे फोन माझ्या बूथमधून आणि सगळे कागद माझ्या मशीनवरून गेले. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत त्यांचा एक जुना विद्यार्थी होता. तो इंग्रजी शोधनिबंध पाठवायचा. सर काउंटरवर शब्दकोश उघडून बसत. उंदराच्या मेंदूचे काप, त्यावर हिरवे-तांबडे ठिपके. झेरॉक्समध्ये ते सगळे काळेच येत, मग सर मूळ चित्र बघून एकेक ठिपका रंगीत पेन्सिलीनं रंगवत.

मी विचारलं नाही तरी ते सांगत. मेंदूत आत पोकळ्या असतात, त्यांच्या भिंतीत काही मूळ पेशी जन्मभर शिल्लक राहतात. उंदरात त्या पेशींची पिल्लं तिथून निघून वास ओळखणाऱ्या भागापर्यंत चालत जातात. दुसरी जागा समुद्रघोड्यासारखी दिसते, आठवणींच्या कामाची. तिथेही रोज थोड्या नव्या पेशी होतात, बऱ्याचशा मरतात, काही टिकतात आणि कामाला लागतात. उंदराला पळायला चाक दिलं तर जास्त होतात.

"म्हणजे उंदीर माझ्यापेक्षा बरे," मी म्हटलं.

"ते अभ्यास करतात," सर म्हणाले.

आता तरी हेल्मेट जाईल, अशी कॉलनीत चर्चा होती. गेलं नाही. नव्या पेशी मेंदूच्या दोन कोपऱ्यांतच होतात, बाकी ठिकाणची गळती चालूच आहे, असं सरांचं म्हणणं. जिना उतरणाऱ्या सरांना पोरं विचारत, "सर, फुटवा आला का?" सर थांबून त्यांना माणसांविषयीचा पुरावा अजून किती थोडा आहे ते समजावून सांगत. चेष्टा कळण्याचा भाग बहुधा तिसऱ्याच कोपऱ्यात असावा.

आणि मग एके दिवशी ते शुद्धिपत्रक घेऊन आले. एकाच कागदावर, टपोऱ्या अक्षरात लिहिलेलं.

"मी माझ्या नोकरीच्या काळात असे शिकवले की, प्रौढ माणसाच्या मेंदूत नवी चेतापेशी तयार होत नाही. हे विधान चुकीचे आहे. प्रौढ सस्तन प्राण्यांच्या मेंदूत निदान दोन ठिकाणी मूळ पेशी शिल्लक असतात व त्यांपासून नव्या चेतापेशी तयार होतात. माणसाविषयी संशोधन चालू आहे. तरी विद्यार्थ्यांनी आपापल्या वहीत दुरुस्ती करावी. चुकीबद्दल दिलगीर आहे. थेटे."

वहीत दुरुस्ती करावी. माझी वही मी आईच्या घरी रद्दीत घातली होती आणि तिच्या पानांत कोणीतरी शेंगदाणे खाल्ले असणार. सर मात्र हजेरीच्या नोंदींवरून केलेली यादी घेऊन आले होते, वर्षवार, आडनावांनी. त्या दिवशी मशीन तापून दोनदा बंद पडलं.

पुढचे कित्येक महिने सर नाशिकभर ते वाटत फिरले. मला बसल्या जागी बातम्या येत. एका बँकेतल्या साहेबानं त्यांना तासभर बसवून ठेवलं, आणि सर कर्ज मागायला आलेत असं समजून, बोलू न देताच नकार दिला. बाजारातल्या एका विद्यार्थ्यानं सरांना नमस्कार केला, शुद्धिपत्रक वाचतो म्हणाला, आणि त्यांच्यासमोरच त्यात दुसऱ्या गिऱ्हाइकाची कोथिंबीर बांधली. मोठा डॉक्टर झालेल्या एका विद्यार्थ्याकडे सर रीतसर नंबर लावून गेले. डॉक्टरांनी त्यांना तपासायलाच घेतलं. कागद वाचल्यावर ते हसले आणि म्हणाले, सर, एवढ्यासाठी? मी हे प्रसंग गिऱ्हाइकांना रंगवून सांगत असे. माझं दुकान त्या काळात बरं चाललं, त्यात झेरॉक्सचा वाटा किती आणि सरांचा किती हे सांगता येणार नाही.

यादीतली बाहेरगावची नावं टपालानं गेली. एक पाकीट मात्र सरांनी तसंच ठेवलं होतं. नाशिक रोडचा पत्ता होता, विलास खैरनार. पोस्टात टाकू का विचारलं तर म्हणाले, हे हातानं द्यायचंय. मग गुडघा दुखतो, सायकलवर तेवढं लांब जमत नाही, असं दोन-तीनदा माझ्या ऐकण्यात येईल असं बोलले. शेवटी एका रविवारी दुपारी मी त्यांना माझ्या स्कूटरवर मागे बसवून नेलं. मदत म्हणून नाही. आजवरच्या सगळ्या गोष्टी मी ऐकीव सांगितल्या होत्या. एक तरी डोळ्यांनी बघावी असं वाटलं.

द्वारका चौकाच्या पुढे सिग्नलला थांबलो, तेव्हा सर मागून बोलू लागले. विलास त्यांचा दहा वर्षांपूर्वीचा विद्यार्थी. कॉलेजातून घरी जाताना मोटारसायकलवरून पडला, डोक्याला लागलं. जीव वाचला, पण बोलणं गेलं, उजवी बाजू गेली, माणसं ओळखू येईनात. दोन महिन्यांनी त्याची आई कॉलेजात आली. डॉक्टर नीट सांगत नव्हते, आणि मेंदूचं शिकवणारे सर तुम्हीच, असं तिला मुलांनी सांगितलं होतं. तिनं विचारलं, पोरगा पहिल्यासारखा होईल का.

"स्टाफरूम भरलेली होती," सर म्हणाले. "मी तिला सांगितलं की जे गेलं ते परत येत नाही, आशा धरू नका. वर्गात सांगतो त्याच आवाजात सांगितलं. ती बसलीसुद्धा नव्हती."

सिग्नल सुटला होता. मागच्या रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला तेव्हा मला कळलं.

खैरनारांचं घर एका जुन्या वसाहतीत, तळमजल्यावर. दार विलासच्या वडिलांनी उघडलं. सरकारी नोकरीतून नुकतेच निवृत्त झालेले, बनियनवर टॉवेल टाकलेला. सरांनी नाव सांगितलं, आणि त्या माणसानं सरांचे दोन्ही हात असे धरले की सरांना खिशातलं पाकीट काढता येईना.

"अगं, थेटे सर आलेत," त्यांनी आत हाक दिली.

आतून भांडं पडल्याचा आवाज आला.

विलास खिडकीशी खुर्चीत बसून ताटात शेंगा सोलत होता. उजवा हात हळू चालत होता, पण चालत होता. तिशीचा गडी, केस नीट विंचरलेले. त्यानं आमच्याकडे बघून विचारलं, "तुम्ही कोण?" शब्द जड होते, पण कळत होते. वडिलांचं बोलणं थांबत नव्हतं. सर, हा उभा राहतो, संडासला एकटा जातो, पाटी वाचतो, नवीन माणसाचं नाव राहत नाही तेवढंच. सकाळी मी त्याच्याकडून व्यायाम करून घेतो, दुपारी याची आई अक्षरं घोटवून घेते. दहा वर्षांत एक दिवस चुकवला नाही. सगळे म्हणायचे सोडून द्या. मीपण सोडून दिलं असतं. पण तुम्ही हिला सांगितलं होतं ना, मेहनत घेतली तर पोरगा सुधारेल म्हणून. कॉलेजचा सर सांगतो म्हटल्यावर मी कोणाचं ऐकू?

 सरांचा एक हात सुटला होता आणि तो खिशापाशी गेला होता.

विलासची आई पाणी घेऊन बाहेर आली. तिनं सरांकडे बघितलं नाही. मला म्हणाली, ताई, चहाला जरा हात लावता का. आत गेल्यावर तिनं गॅस पेटवला आणि तशीच ओट्याला धरून उभी राहिली.

"सर नाय म्हणले व्हते," ती हळू म्हणाली. "मी कॉलेजच्या पायऱ्यांवर लय वेळ बसले. मग घरी येऊन ह्यांना सांगितलं, सर म्हणत्यात व्हईल. ह्यांचा शिकलेल्या माणसावर भरवसा. मी म्हणले असते तर कोण ऐकणार व्हतं?" पातेल्यातलं पाणी उकळायला लागलं तरी तिनं साखर घातली नव्हती. "सर आता बोलतील का हो काही?"

 लग्नपत्रिकेतला रेफ ज्याला सोडवत नाही, त्या माणसाला मी ओळखत होते. तिचं दहा वर्षांचं खोटं बाहेर चहाची वाट बघत बसलं होतं, आणि तिथवर त्याला स्कूटरवर बसवून मीच आणलं होतं. गंमत बघायला.

आम्ही चहा घेऊन बाहेर आलो, तेव्हा पाकीट सरांच्या हातात होतं. विलासचं नाव त्यावर दिसत होतं आणि वडील त्या पाकिटाकडे बघत होते. सर त्या बाईकडे बघत होते. वर्गात चुकलेल्या पोराकडे बघायचे तसं नव्हे. मी त्यांना याआधी कोणाकडे असं बघताना पाहिलं नव्हतं.

"कष्ट तुम्ही दोघांनी केले," सर वडिलांना म्हणाले. "माझं त्यात काय."

"नाही सर. शब्द तुमचा होता."

सरांनी कप हातात घेतला, परत खाली ठेवला.

"हो," ते म्हणाले. "म्हणालो होतो."

बाई मटकन पलंगावर बसली आणि पदरानं चेहरा पुसू लागली. वडिलांना वाटलं आनंदानं. वडिलांनी विचारलं, ते पाकीट कसलं. सर म्हणाले, जुना कागद आहे, आता त्याचा उपयोग नाही. मग खुर्ची ओढून विलासशेजारी बसले आणि शेंगा सोलू लागले. विलासनं परत विचारलं, तुम्ही कोण. सरांनी नाव सांगितलं. आम्ही निघेपर्यंत त्यानं आणखी चार वेळा विचारलं, आणि चारही वेळा सरांनी पहिल्यांदाच विचारल्यासारखं सांगितलं.

 परत येताना मी, काहीतरी बोलायचं म्हणून, विचारलं की हा त्या नव्या पेशींचाच परिणाम म्हणायचा का.

"तसं म्हणता येणार नाही," सर म्हणाले. "बहुतेक नाहीच. उरलेला मेंदू नवं काम शिकला असेल. नक्की कोणाला माहीत नाही." मग म्हणाले, "आहेर, मी तिला तेव्हा जे सांगितलं ते त्या काळी पुस्तकात होतं. तिनं जे सांगितलं ते कुठेच नव्हतं. तिला कसं सुचलं असेल?"

 

दुसऱ्या दिवशी दुकानात दोघा-तिघांनी विचारलं, काल सरांना घेऊन कुठे गेली होतीस, काय झालं सांग की. मी म्हटलं, काही नाही, त्यांच्या ओळखीचे होते कोणीतरी. लोकांची निराशा झाली.

सर त्यानंतर दर रविवारी नाशिक रोडला जाऊ लागले, बसनं. पुढे गुडघा अगदीच ऐकेना, तेव्हा खैरनार विलासला इकडे आणू लागले. दोघं सरांच्या खोलीत कॅरम खेळतात. विलासला मागचा डाव आठवत नाही, पण नेम चांगला आहे, आणि सर बहुतेक वेळा हरतात.

नाशिक रोडची बस पाचला येते. थांबा माझ्या दुकानासमोरच आहे, त्यामुळे मला दिसतं. सर इस्त्रीचा शर्ट घालून चारलाच तिथे जाऊन बसलेले असतात.